फ्रीजचा आवाज आणि अनुकरणवाचक शब्द

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. खटखट हा तेथील नित्याचा ध्वनी होय. घरातील फ्रीजचा दोष ओळखण्यासही मराठीतील असे अनुकरणवाचक शब्द उपयोगी पडतात. गुणगुण कॉम्प्रेसरची व खुळखुळ नळ्यांतील शीतकद्रव्याची. दोन्ही स्वाभाविक होत. खडखड असल्यास फ्रीजचे पाय समपातळीत आहेत काय, मागील नळी भिंतीस लागते काय, हे पाहावे. पंख्याची घरघर बहुधा साचलेल्या बर्फामुळे होते. परंतु काही मिनिटांच्या अंतराने नुसतेच ‘टक्’ होऊन गुणगुण सुरू होत नसेल, तर विजेचा दाब अपुरा असतो किंवा रिले अथवा कॉम्प्रेसर बिघडलेला असतो. अशा वेळी वीजजोड त्वरित काढावा. अन्यथा वाइंडिंग जळण्याचा संभव असतो. म्हणून कारागिरास ‘आवाज येतो’ एवढेच न सांगता नेमका शब्द सांगावा. निदानाचा आरंभ तेथूनच होतो.