परक्यांचें युद्ध आणि आपला उंबरठा

गेल्या २६ नोव्हेंबरास दिवेलागणीनंतर देवळाली प्रवरा येथील आमच्या घरीं मंडळी ओट्यावर बसली असतां आमच्या नातवानें एकाएकीं विचारलें, "आजोबा, २००८ सालीं मुंबईवर ते लोक चालून आले. पण आपलें त्यांच्याशीं कोणतें युद्ध चाललें होतें?" घरांतील वडील मंडळींपैकीं कोणासही चटकन् उत्तर देतां येईना. सारा जन्म अध्यापनांत घालविलेले आम्हीही क्षणभर निरुत्तर झालों. मागाहून विचार करतां जें उत्तर सुचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आमची एक चूक कबूल केली पाहिजे. १९८९ च्या फेब्रुवारींत सोव्हिएट रशियाचें शेवटचें सैन्य अफगाणिस्तानांतून परत गेलें. तेव्हां भिंतीवरील नकाशाकडे छडी दाखवून आम्हीं वर्गास सांगितलें होतें कीं, "मुलांनो, हें युद्ध संपलें." आमचें तें सांगणें खरें ठरलें नाहीं. सैन्यें परत जातात. परंतु युद्धानें घडविलेलीं माणसें, शस्त्रें आणि पैशाच्या वाटा मागें उरतात.

हें कसें घडलें तें पाहूं. १९७९ च्या डिसेंबरांत सोव्हिएट सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें. त्यास विरोध करणाऱ्या अफगाण टोळ्यांना अमेरिका व सौदी अरेबिया यांनीं अपार पैसा पुरविला. ही मदत पाकिस्तानच्या लष्करी हेरखात्याच्या हातून वांटली जाई, आणि त्या खात्याचा कल कडव्या धार्मिक गटांकडे असे. १९८६ पासून विमानें पाडणारीं स्टिंगर क्षेपणास्त्रेंही त्यांच्या हातीं पडलीं. पॅलेस्टाइनचा पंडित अब्दुल्ला अझ्झाम यानें ओसामा बिन लादेनच्या साह्यानें १९८४ मध्यें पेशावर येथें अरब स्वयंसेवकांसाठीं कचेरी उघडली. कोठल्याही मुसलमानी भूमीवर शत्रु आला, तर तेथें जाऊन लढणें हें जगांतील प्रत्येक मुसलमानाचें वैयक्तिक कर्तव्य होय, असें तो शिकवी. कडवा विचार त्यापूर्वींही होताच. १९६६ मध्यें फांसावर गेलेल्या इजिप्तच्या सय्यद कुत्ब यानें तो ग्रंथरूपानें मांडला होता. अफगाण युद्धानें त्या विचारास छावणी, द्रव्य आणि बंदूक दिली. १९८८ मध्यें अल् कायदा निघाली ती त्याच मंडळींतून.

लाहोरचा प्राध्यापक हाफिझ सईद व त्याचे सोबती यांनीं याच युद्धाच्या काळांत आपली संस्था उभारली. तिची सशस्त्र शाखा म्हणजे लष्कर-ए-तय्यबा. रशियन गेल्यावर या संघटनेनें आपला मोर्चा काश्मीरकडे वळविला, आणि पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनीं तिला आश्रय दिला. २००८ मध्यें कराचीहून समुद्रमार्गें मुंबईस आलेले दहा तरुण तिनेंच शिकवून धाडले होते. १६६ माणसें प्राणांस मुकलीं. गिरगांव चौपाटीपाशीं तुकाराम ओंबळे यांनीं गोळ्या अंगावर झेलीत कसाबची बंदूक सोडली नाहीं. म्हणूनच तो जिवंत हातीं लागला.

इराकचीही हकीकत अशीच आहे. २००३ मध्यें अमेरिकेनें तो देश जिंकला आणि त्याचें सैन्य विसर्जित केलें. हजारों शस्त्रकुशल माणसें एका दिवसांत निरुद्योगी व अपमानित झालीं. पूर्वीं अफगाणिस्तानांत जाऊन आलेल्या झरकावी नामक जॉर्डनच्या माणसानें तेथें जी टोळी उभी केली, तिचीच पुढें 'इस्लामिक स्टेट' झाली, आणि त्या विसर्जित सैन्यांतील कित्येक अधिकारीही तिला जाऊन मिळाले. २०१४ च्या जूनमध्यें तिनें मोसुल घेऊन खिलाफतीची द्वाही फिरविली. त्याच्या आदल्याच महिन्यांत आपल्या कल्याणचे चार शिकलेले तरुण यात्रेकरूंच्या सोबतीनें बगदादेस गेले आणि तेथून नाहींसे झाले. त्यांतील एक नोव्हेंबरांत परत आला. कोठें कल्याण आणि कोठें मोसुल! पण परक्या रणांगणाचें चित्र त्यांच्या खोलींत पोंचलें होतें, आणि घरच्यांस त्याचा सुगावा नव्हता.

इतिहासांत याचा एक दाखला आहे. पहिल्या महायुद्धांत तुर्कस्तान हरलें. त्या दुःखानें १९२० सालीं हजारों हिंदी मुसलमान घरेंदारें विकून अफगाणिस्तानास निघाले. तेथें त्यांची सोय होईना. बहुतेक नागवले जाऊन परतले. आणि ज्या खलिफाच्या गादीसाठीं हा खटाटोप झाला, ती १९२४ मध्यें तुर्कांनींच मोडली. दूरच्या युद्धाची हांक ऐकून निघालेल्यांची अशी गत होते.

यावरून शेजारच्या मुसलमान कुटुंबाकडे वांकड्या नजरेनें पाहणें हा मात्र उघड अन्याय होईल. मुंबईंत बळी पडलेल्यांत मुसलमानही होते. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांस आपल्या कबरस्तानांत जागा देण्याचें तेथील जामा मशिदीच्या विश्वस्तांनीं साफ नाकारलें, हें विसरतां कामा नये.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जुना नकाशा काढला आणि काबूल, पेशावर, लाहोर, कराची, मुंबई असें नातवाचें बोट धरून फिरविलें. "म्हणजे युद्ध आपल्याशीं नव्हतेंच," तो म्हणाला, "तें दुसरीकडून वाहात आलें." आम्हांस याहून नीट सांगतां आलें नसतें. घरोघरच्या वडील मंडळींस आमची विनंती एवढीच कीं, आपला मुलगा दूरच्या रणांगणाचीं चित्रें पाहून कोणाचा द्वेष करूं लागला आहे काय, हें त्याच्याजवळ बसून विचारावें. मग घर कोणत्याही धर्माचें असो. २०२१ च्या ऑगस्टांत अमेरिकेचेंही सैन्य अफगाणिस्तानांतून गेलें. तेव्हां ओट्यावर कोणी म्हणालें, "चला, संपलें एकदांचें." आम्ही मात्र गप्प राहिलों.