प्रतिपिंडाची साक्ष

मुडदूस झालेल्या कोंबडीच्या पिलांच्या आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. ड जीवनसत्त्व दिले की ते शोषले जाऊ लागते. यामागील दुवा शोधताना अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉसरमन व टेलर यांना १९६६ मध्ये आतड्याच्या अस्तरात कॅल्शियमला बांधून ठेवणारे एक प्रथिन सापडले. पुढे ते ‘कॅल्बिंडिन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. नंतर ते मेंदूतही आढळले. आणि नवल असे, की तेथे ते ड जीवनसत्त्वावर अवलंबून नसते.

परंतु मेंदूतील असंख्य पेशींपैकी नेमक्या कोणत्या पेशींत ते असते? सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिने वेगवेगळी ओळखू येत नाहीत. येथे प्रतिपिंडे उपयोगी पडतात. शुद्ध केलेले कॅल्बिंडिन सशाला टोचले, तर त्याचे शरीर ते परके मानून त्याला चिकटणारी प्रतिपिंडे तयार करते. अशा सशाचा रक्तरस मेंदूच्या पातळ कापावर घालावयाचा, न चिकटलेला भाग धुऊन टाकावयाचा आणि चिकटलेल्या प्रतिपिंडांना रंगाची खूण जोडावयाची. म्हणजे प्रथिन असेल तेथेच रंग उमटतो. अनुमस्तिष्कातील पुर्किन्ये पेशी मग फांद्या-उपफांद्यांसह निष्पर्ण वृक्षांसारख्या उठून दिसतात.

हे चित्र इतके देखणे असते, की त्याविषयी शंका घेणे जिवावर येते. पण ती घ्यावीच लागते. १९८७ मध्ये कॅल्रेटिनिन हे प्रथिन प्रकाशात आले. त्यातील अमिनो आम्लांचा क्रम कॅल्बिंडिनशी निम्म्याहून अधिक जुळतो, आणि काही रक्तरस या दोन्ही भावंडांना चिकटतात. रंग उमटतो खरा, पण तो कोणाचा, हे कळत नाही. कोहलर व मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधलेल्या पद्धतीने एकाच पेशीच्या वंशातून एकजिनसी प्रतिपिंडे मिळतात. ती प्रथिनाचा एकच ठरावीक भाग पकडतात. तरीही तो भाग दोन्ही प्रथिनांत सारखाच निघाला, तर अडचण कायम राहते.

सर्वांत कठोर कसोटी १९९७ पासून उपलब्ध झाली: कॅल्बिंडिनचे जनुक निकामी केलेले उंदीर. त्यांच्या अनुमस्तिष्कात पुर्किन्ये पेशी आपापल्या जागी असतातच. म्हणून रंग नाही याचा अर्थ पेशी मेली, असा घाईने लावता येत नाही. प्रतिपिंड विश्वासार्ह असेल, तर या उंदरांच्या मेंदूचा काप फिकाच राहतो.