पडदा काळा, यंत्र जागं

रात्री साडेअकराला काळ्या पडद्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या, एका ओळीशी थबकल्या आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं. कॅबिनेटचे पंखे फिरत होते. कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्डावरचा दिवा लागत होता. शेजारच्या लॅपटॉपवरून घरच्या नेटवर्कवर त्या मशीनला हाक मारली, तर त्याने ओ दिली. स्क्रीन शेअरिंग सुरू केलं आणि लॅपटॉपवर पासवर्ड विचारणारी मॅकची नेहमीची चौकट उमटली. यंत्र पूर्ण जागं होतं, फक्त त्याचं चित्र दोन फुटांवरच्या मॉनिटरपर्यंत पोचत नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला तो पीसी होता आणि त्यावर ॲपलची मॅकओएस चालू करायची होती. अशा मशीनला हॅकिन्टॉश म्हणतात. ॲपलने ही गोष्ट कधीच मान्य केली नाही. आपली प्रणाली फक्त आपल्याच मशीनवर बसवावी, असं तिच्या परवान्यात लिहिलेलं आहे. २००८ मध्ये फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीने अशी तयार मशीन विकायला काढली, तेव्हा ॲपल कोर्टात गेली. २००९च्या अखेरीस मनाई हुकूम झाला आणि २०११ मध्ये तो अपिलातही टिकला. मी काही विकत नव्हतो, पण परवान्यातलं ते कलम घरच्या मशीनलाही लागू आहे, हे मला ठाऊक होतं. तरीही मी त्यात पडलो, कारण कॉम्प्युटर स्वतः जोडला तरी त्याच्या भागांचं आपसात काय बोलणं चालतं ते एरवी कानावर येत नाही. इथे ते एकेक शब्द ऐकावं लागतं.

या सगळ्याची सुरुवात जून २००५ मधली. आपण इंटेलचे प्रोसेसर वापरणार, असं स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केलं आणि जानेवारी २००६ मध्ये तशी पहिली मशीन आली. म्हणजे ॲपलच्या मशीनमध्ये आणि तुमच्या-माझ्या टेबलावरच्या पीसीत आता एकाच जातीचा प्रोसेसर होता. मध्ये पहारा उरला होता. फाइंडर, डॉक यांसारखे मोजके प्रोग्राम कुलूपबंद ठेवलेले आणि किल्ली ॲपलच्या एसएमसी चिपमध्ये. ते कुलूप उघडणाऱ्या भागाचं नावच मुळी ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असं आहे. हौशी लोकांनी आधी फेकएसएमसी आणि पुढे व्हर्च्युअलएसएमसी लिहून त्या चिपच्या वतीने उत्तरं दिली. मशीन सुरू करून देणारे प्रोग्रामही असेच घडत गेले: कॅमेलियन, क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोर.

प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क यांचं एका शनिवारात जमतं. चित्राचं जमत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुसती चिप ओळखून थांबत नाही. ती कुठल्या बोर्डावर बसली आहे, तिच्यापासून किती तारा निघतात, कुठली तार कुठल्या पोर्टाला जाते, हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक असायला हवं. ॲपलची मॉडेलं मोजकी, म्हणून तिने हे तपशील ड्रायव्हरमध्येच लिहून ठेवले. बाजारातल्या मदरबोर्डांची जोडणी मात्र कंपनीगणिक, मॉडेलगणिक वेगळी.

माझा पहिला बोर्ड बी३६० चिपसेटचा होता, त्यावर कोअर आय५-८४०० प्रोसेसर आणि त्याच्या पोटातलंच यूएचडी ६३० ग्राफिक्स. पहिल्यांदा डेस्कटॉप दिसला तेव्हा मी हरखून गेलो, पण खिडकी ओढली की ती फाटल्यासारखी मागून सरकायची आणि डॉकची काचेसारखी पारदर्शकता कुठेच नव्हती. ‘अबाउट धिस मॅक’मध्ये ग्राफिक्सची मेमरी लिहिली होती ७ एमबी. या मार्गाने गेलेल्या प्रत्येकाला हा सात आकडा पाठ असतो. खरा ड्रायव्हर चढलेलाच नाही, चित्र नुसत्या तात्पुरत्या आधारावर उभं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग शोध सुरू झाला. बायॉसमध्ये ग्राफिक्ससाठी आधीच राखून ठेवायची मेमरी ६४ एमबी केली. सेटिंगच्या फाइलमध्ये ग्राफिक्सच्या मांडणीचा क्रमांक लिहायचा होता, ३ई९बी०००७. तो तसाच लिहिला तर चालत नाही. दोन-दोन अक्षरांचे गट करून उलट्या क्रमाने लिहावा लागतो, ०७००९बी३ई. माझ्या हातून एक गट सुलटा राहिला आणि त्यात तीन रात्री गेल्या. तो नीट लिहिल्यावर डॉकला काच आली.

तरीही दुसरा मॉनिटर काळाच होता. या मांडणीत तीन जोडण्या असतात आणि तिन्ही डिस्प्लेपोर्टच्या आहेत असं धरलेलं असतं. माझ्या बोर्डावर एचडीएमआय आणि डीव्हीआय होते. प्रत्येक जोडणीचा प्रकार बदलायचा, मग तारेचा क्रमांक १, २, ४, ६ असा एकेक घालून मशीन परत सुरू करायचं आणि केबल न हलवता बघायचं. मी वही घातली. एका वेळी एकच बदल, शेजारी वेळ, शेजारी काय दिसलं ते. चालू अवस्थेतल्या सेटिंगची पूर्ण नक्कल एका पेनड्राइव्हवर ठेवायची, म्हणजे पुढचा प्रयोग फसला तरी कालच्या जागी परत येता येतं. हे काम कंटाळवाणं आहे असं मला कधी वाटलं नाही. एचडीएमआयचा प्रकार बरोबर लिहिला त्या रात्री चित्राबरोबर मॉनिटरमधून आवाजही आला. प्रकार चुकीचा असला की आवाज येत नाही, हे तेव्हा कळलं.

सुरुवातीला सांगितलेली रात्र त्यानंतरची, एएमडीचं आरएक्स ५५०० एक्सटी कार्ड लावल्यानंतरची. ओळी थांबल्या होत्या ‘जीआयओस्क्रीनलॉकस्टेट ३’ या ओळीशी. नवखा माणूस त्या ओळीलाच दोष समजतो. खरं तर तिथे अक्षरांचा पडदा संपतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताबा घेतो; बिघाड असतो पुढे, जिथे काही लिहूनच येत नाही. ॲपलचा एक भाग बोर्डाची ओळख वाचतो आणि त्या मॉडेलला लागू असलेले चित्राचे नियम लावतो. माझं मशीन स्वतःला आयमॅक म्हणवत होतं, म्हणून त्याला आयमॅकचे नियम लागले आणि कार्डाच्या पोर्टांतून चित्र बाहेर पडेना. यावर उपाय म्हणून एकच सूचना आहे, ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’. व्हॉटेव्हरग्रीन ही जोडफाइल ती वाचते आणि ‘बोर्ड-आयडी’ या शब्दातलं शेवटचं अक्षर बदलून ‘बोर्ड-आयएक्स’ करते. ओळख सापडत नाही, नियम लागत नाहीत, चित्र येतं. एका अक्षराचा हा बदल ज्याला सुचला त्याने तो ड्रायव्हर किती बारकाईने वाचला असेल, याचा मला आजही आदर वाटतो.

एनव्हिडियाची कार्डं असलेल्यांना असा मार्ग उरला नाही. त्यांचे वेगळे ड्रायव्हर २०१७च्या हाय सिएरापर्यंत मिळाले, तेही प्रणालीच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेले. सुरक्षेचं छोटं अपडेट आलं तरी नवा ड्रायव्हर येईपर्यंत थांबायचं. २०१८ च्या मोहावीसाठी ते आलेच नाहीत आणि स्वस्त असो की महागडं, मॅक्सवेल व पास्कल पिढीचं कार्ड तिथे निरुपयोगी ठरलं. एएमडीतही सापळा आहे. आरएक्स ५५० या एकाच नावाखाली दोन चिप विकल्या गेल्या, बॅफिन आणि लेक्सा. मॅकओएस बॅफिनला ओळखते, लेक्साला नाही. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. दुकानदाराला आधी चिप विचारा, मग भाव.

जून २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपकडे जायचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये सांगितलं की मॅकओएस २६, टाहो, ही इंटेल मशीनसाठीची शेवटची आवृत्ती. पुढच्या आवृत्त्यांत आमच्या प्रोसेसरसाठी काही नसेल, मग ओळख कितीही नीट सांगितली तरी.

माझा तो जुना बी३६० बोर्ड आता भाचीकडे आहे. तिला त्यावर काम करायचं नाही, चित्र कसं येतं ते बघायचं आहे. मी तिला वही दिली, पण माझी पानं दाखवली नाहीत. डीव्हीआयचं पोर्ट अजून काळं आहे, १, २ आणि ४ करून झाले. रविवारी ती येते आहे, ६ घालायला.