‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणताय? आकडा दाखवा!

सबमिशनचा दिवस. लॅबमधले सगळे एकदम ‘सेव्ह’ दाबतात आणि स्क्रीन जागच्या जागी हँग. मग ठरलेला डायलॉग : ‘सर, सर्व्हर स्लो आहे!’ सरांचं उत्तरही ठरलेलं : ‘माझ्याकडे तर नीट चालतोय.’ वाद तिथेच संपतो, मार्क मात्र तुमचे जातात.

बऱ्याच कॉलेजांच्या लिनक्स लॅबमध्ये तुमचा होम फोल्डर पीसीवर नसतोच, तो सर्व्हरवर असतो. हे जमवणारं एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये तयार केलं. गंमत म्हणजे तुमचा पीसी सर्व्हरला धाडलेल्या मागण्यांचा हिशोब ‘माउंटस्टॅट्स’ नावाच्या फाइलमध्ये ठेवत असतो. ती वाचायला अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही.

पण नुसती वाचून उपयोग नाही. त्यातले आकडे फोल्डर जोडल्यापासूनचे एकूण असतात, अगदी विजेच्या मीटरसारखे. म्हणून स्क्रिप्टने एक रीडिंग घ्यायचं, मिनिटभराने दुसरं घ्यायचं आणि वजाबाकी करायची. स्वतः लिहायचा कंटाळा असेल तर ‘एनएफएसआयओस्टॅट’ ही तयार पायथन स्क्रिप्ट आहे. तिचा कोड वाचाच.

त्यात दोन आकडे बघा. ‘आरटीटी’ म्हणजे मागणी सर्व्हरकडे जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ. ‘एक्झी’ म्हणजे त्यात तुमच्याच पीसीवर रांगेत गेलेला वेळही धरून एकूण. समजा, एक्झी ८० मिलिसेकंद आणि आरटीटी फक्त ५, तर सर्व्हर बिचारा निर्दोष! रांग तुमच्याच पीसीवर लागलीय. दोन्ही वाढले तर सर्व्हरला पिंग करा. पिंग झटपट येत असेल तर संशय सर्व्हरवर किंवा त्याच्या डिस्कवर. रीड आणि राइट वेगळं बघा, कारण ‘सेव्ह’ला लागतो तो राइट.

काही जण दर मिनिटाला मोठी फाइल लिहून वेळ मोजतात. हा शुद्ध आगाऊपणा आहे. चाळीस पीसींनी हेच केलं तर तुमचं मोजमापच सर्व्हरला झोपवेल. ‘डीएफ’ कमांडही जपून वापरा. सर्व्हर बंद पडला की ती उत्तराची वाट बघत अडकते, पुढच्या मिनिटाला दुसरी अडकते आणि ढीग लागतो. ‘टाइमआउट’ लावा. माउंटस्टॅट्स वाचताना ही भानगड नाही, कारण ते आकडे तुमच्याच पीसीच्या मेमरीतून येतात.

आणि हो, लॅब असिस्टंटना सांगूनच स्क्रिप्ट चालवा. लॉग मात्र लोकल डिस्कवर ठेवा, होम फोल्डरमध्ये नको. तो त्याच सर्व्हरवर आहे. सर्व्हर अडकला की लॉगही अडकणार, आणि नेमकी तीच मिनिटं गायब!