पॉर्फिरिया आणि यकृताचा कर्करोग

वारंवार उठणारा तीव्र उदरशूल, सोबत छर्दी व मलावष्टंभ. परंतु पोट हाताला मऊ, ज्वर नाही, सोनोग्राफीतही काही सापडत नाही. असा रुग्ण आला की आपण बहुधा लंघनापासून आरंभ करतो, आणि पुष्कळदा ते योग्यच ठरते. मात्र ‘अ‍ॅक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया’ या आनुवंशिक व्याधीत उपवासानेच वेग उठतो. मद्यानेही उठतो, म्हणून आसवारिष्टे देतानाही येथे हात आखडता घ्यावा, असे आमचे मत आहे.

सुश्रुतांनी शुक्रशोणितदोषातून येणाऱ्या व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले. ही त्यांपैकीच म्हणता येईल. हीम तयार होण्याच्या साखळीत आठ एन्झाइम असतात. त्यांतील तिसरे या रुग्णांत सुमारे निम्म्याच क्षमतेने काम करते. मग वेगाच्या काळी डेल्टा-अ‍ॅमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल व पॉर्फोबिलिनोजेन यकृतात अतिरिक्त निर्माण होऊन मूत्रावाटे जातात, आणि ते मूत्र उजेडात ठेवल्यास गडद लालसर होते. (मूत्रपरीक्षेची परंपरा अभिमानाने सांगणाऱ्या आपण निदान एवढे तरी पाहावे.) प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी, तरी बहुसंख्य वाहकांना आयुष्यात एकही वेग येत नाही.

उत्तर स्वीडनमध्ये ही व्याधी असाधारण प्रमाणात आढळते. तिच्यावरील यान वाल्डेनस्ट्रॉम यांचा प्रबंध १९३७ सालचा. पुढे १९८० च्या दशकात तेथील चिकित्सकांच्या ध्यानात आले की, या रुग्णांमध्ये यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेहून फार अधिक आहेत. विशेष हे की, त्यांतील अनेकांना सिऱ्होसिस नव्हताच. साचलेल्या आम्लाने पेशींतील डीएनएला इजा होत असावी, असा तर्क आहे.

वेगांचा त्रास स्त्रियांना अधिक, तोही रजोनिवृत्तीपर्यंत. नंतर शूल थांबतो, रुग्णा ‘बरी झाली’ असे घरचे मानतात, आपल्याकडे येणेही बंद होते; आणि कर्करोगाचा धोका वाढतो तो नेमका पन्नाशीनंतर. कधीच वेग न आलेल्या वाहकांतही तो आढळला आहे. म्हणून पॉर्फिरियाचे निदान झालेल्यांनी वयाच्या ५० व्या वर्षापासून दर ६ महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करावी, असा सल्ला दिला जातो. अल्फा-फीटोप्रोटीनच्या तपासणीवर विसंबू नये. कर्करोग असूनही ते अनेकदा वाढलेले नसते.

आपल्यापैकी अनेकांकडे एकाच घरातील तीन-तीन पिढ्या येतात. शूलाच्या रुग्णास ‘आई-मावशीला असे होत असे काय?’ हे विचारणे आपल्याला सहज शक्य आहे. संशय आल्यास वेगाच्या काळातच, उजेडापासून झाकलेले मूत्र पॉर्फोबिलिनोजेनसाठी पाठवावे आणि रुग्णास विलंब न करता रुग्णालयात धाडावे. तेथे शिरेवाटे ग्लुकोज अथवा हेमिन देता येते. गाठ लहान असतानाच सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते. काही निवडक रुग्णांत यकृताचे प्रत्यारोपणही होते. त्याने कर्करोगाबरोबर पॉर्फिरियाचे वेगही थांबतात.