भाच्याला सांभाळताय? मग कायद्याने पालक कोण?

माळेगाव बुद्रुकसारख्या गावात बहिणीचे किंवा मित्राचे मूल वर्षानुवर्षे सांभाळणारी घरे असतात. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली की आपण पालक झालो, असा तिथे सर्रास समज असतो. त्या कागदाने आई-बापांची संमती दिसते, पण पालकत्व मिळत नाही.

शेजाऱ्याचे पासबुक आपल्या कपाटात असले, तरी त्याच्या खात्यावर आपली सही चालत नाही. इथेही तसेच आहे. मुलाचा सांभाळ करणे वेगळे आणि त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार वेगळा.

हा अधिकार पालक व पाल्य कायदा, १८९० नुसार जिल्हा न्यायालय देते. मूल नेहमी जिथे राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. न्यायालय मुलाचे हित पाहून पालक (अज्ञानाच्या, म्हणजे १८ वर्षांखालील मुलाच्या देहाची किंवा मालमत्तेची जबाबदारी घेणारी व्यक्ती) नेमते. मुलाची जमीन विकायची, तर या पालकालाही न्यायालयाची परवानगी लागते.

पालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. दत्तकाने मूल कायमचे नव्या कुटुंबाचे होते. पालकत्वात जन्मदात्यांशी नाते आणि वारसाहक्क तसेच राहतात.

राज्याच्या बालसंगोपन योजनेतून पात्र मुलाच्या सांभाळासाठी दरमहा अनुदान मिळते. मात्र त्या मंजुरीनेही सांभाळणारा आपोआप कायदेशीर पालक होत नाही. मुलाच्या नावे जमीन किंवा विम्याची रक्कम असेल, तर वकिलाचा किंवा तालुका विधी सेवा समितीचा सल्ला आधीच घ्यावा.