जो-तो आणि हू-विच

इंग्रजीच्या परीक्षेत एक प्रश्न हटकून येतो : दोन वाक्ये एकत्र करा. ‘काल एक गृहस्थ आले. ते माझे मामा.’ आपला मुलगा ती जोडतो आणि लिहितो, ‘द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल.’ गुण गेला!

चूक कुठं झाली? त्याच्या मराठीत. आपण म्हणतो, ‘जो काल आला, तो माझा मामा.’ आपल्याकडे जो आला की पाठोपाठ तो यायचाच. इंग्रजीत ही जोडी नाही. हू आला की ‘ही’ने निघून जायचं : ‘द मॅन हू केम यस्टर्डे इज माय अंकल.’ गुरुजनांनी ही एवढी गोष्ट फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावी. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक.

दुसरं, आपण लिंग पाहतो : जो घोडा, जी गाडी, जे झाड. इंग्रजी ते पाहत नाही. माणूस असेल तर हू, वस्तू किंवा जनावर असेल तर विच. दॅट दोघांनाही चालतो. मात्र शब्दयोगी अव्यय आधी आलं की दॅट चालत नाही. बाबा ज्या लोकलने ठाण्याला जातात, ती ‘द ट्रेन बाय विच’. ‘बाय दॅट’ नव्हे.

गाळलेली जागा भरताना आधी मागं पाहावं, मग पुढं. पुढं लगेच क्रियापद असेल तर हू. पुढं नवा कर्ता असेल तर हूम. पुढं त्याच्या मालकीची वस्तू असेल तर हूज. बोलताना इंग्रज स्वतः हूमच्या जागी सर्रास हू म्हणतो, पण परीक्षेत हूमच लिहावं. ‘जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम’ असं काहीजण शिकवतात, ते अर्धंच खरं. ‘ज्याला ताप आला आहे तो मुलगा’ याचं इंग्रजी ‘द बॉय हू हॅज फीव्हर’! तेव्हा मराठी विभक्तीवर भिस्त ठेवू नये. इंग्रजी वाक्यातला कर्ता शोधावा.

आता स्वल्पविराम. याला क्षुल्लक समजू नका बरं का. समजा, वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात इंग्रजी नोटीस लागली : ‘द वर्कर्स हू वेअर ॲबसेंट विल लूज अ डेज पे.’ म्हणजे जे गैरहजर होते, तेवढ्यांचाच एक दिवसाचा पगार कापणार. आता ‘वर्कर्स’नंतर एक आणि ‘ॲबसेंट’नंतर एक स्वल्पविराम घाला. अर्थ झाला, कामगार सगळेच गैरहजर होते आणि सगळ्यांचाच पगार कापणार. दोन टिंबांनी हजर माणसाच्या खिशाला कात्री!

विशेषनामाच्या बाबतीत निवड करायची नसते, म्हणून तिथं स्वल्पविराम हवाच, आणि दॅट चालत नाही. ‘डोंबिवली, विच इज बिट्वीन ठाणे अँड कल्याण’ असंच लिहावं. डोंबिवली एकच आहे. उलट गाड्या पुष्कळ. त्यांतून १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आलेली नेमकी गाडी सांगायची, तर ‘द ट्रेन दॅट केम टु ठाणे’, आणि तिथं स्वल्पविराम नाही.

उद्या वर्गात त्या नोटिशीचं वाक्य दोन्ही तऱ्हांनी लिहावं आणि विचारावं, पगार कुणाकुणाचा जाणार? ज्यांचे वडील कामावर जातात, ती मुलं आधी हात वर करतील.